शिक्षकाचा वेळ कुणाचा?



ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांनी एका सर्वेक्षणावर बहिष्कार घातला. ते सर्वेक्षण निरक्षरांचे होते. 'नवभारत साक्षरता' या केंद्र शासनाच्या कार्यक्रमासाठी पंधरा वर्षांवरील निरक्षरांची घरोघरी जाऊन नोंद करावयाची होती. अक्षर शिकविणे हेच ज्यांचे व्रत, त्यांनी साक्षरतेकडे पाठ फिरवावी, हे सुशिक्षित समाजाला खटकले असेल, तर त्यात नवल नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला होता. शिक्षकही त्यात होते. आंदोलन म्हटले की पगार, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसलेले.

या बहिष्कारामागची मागणी मात्र पैशाची नव्हती. आम्हाला वर्गात राहू द्या, आम्हाला शिकवू द्या, एवढेच शिक्षक म्हणत होते. काम टाळण्यासाठी आंदोलने होतात, असा समज असलेल्यांनी येथे क्षणभर थांबावे. नेमलेले काम करता यावे म्हणून पुकारलेले हे आंदोलन होते.

साक्षरतेचे महाराष्ट्राला वावडे नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. शिक्षकांनी आणि गावातील शिकलेल्या मंडळींनी प्रौढांचे वर्ग चालविले. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. त्या मोहिमेत शिक्षक शिकवीत होता. २०२३ च्या सर्वेक्षणात त्याने दारोदार फिरून माहिती गोळा करावी, अशी अपेक्षा होती. या दोन कामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणखी एक गोष्ट. हा कार्यक्रम स्वयंसेवकांच्या बळावर चालावा, असे त्याच्या आराखड्यातच म्हटले आहे. स्वयंसेवा आदेशाने करून घेता येत नाही, हे स्वयंसेवी कार्यात आयुष्य वेचणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणावी. पहिली ते चौथी, वर्ग चार, शिक्षक दोन. त्यांतील एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार. पोषण आहाराचा तांदूळ किती आला, किती शिजला, ताटे किती, याची नोंद त्याच्याकडे. 'सरल' आणि 'यू-डायस'वर माहिती भरणे, विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक जुळविणे, शिष्यवृत्तीचे अर्ज, हेही त्याच्याचकडे. भ्रमणध्वनीवर संदेश येतो, 'माहिती आजच सादर करावी'. फळ्यावरची बेरीज अर्धवट राहते. दुसरा शिक्षक त्या दिवशी मतदारयादीच्या कामावर असेल, तर चारही वर्गांत शिकविणारे कुणीच नाही. पहिलीतील मूल त्या दिवशी काना-मात्रा शिकत नाही, आणि त्याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. ज्यांची मुले शहरातील खासगी शाळांत आहेत, त्या घरांना हे दृश्य दिसत नाही. त्यांना गुरुजी भेटतात ते यादी हातात घेऊन दारात उभे असलेले!

कायद्याने याचा विचार केलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका या तीनच बिगरशैक्षणिक कामांवर पाठविण्यास मुभा देते. त्याच कायद्याने शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास ठरविले आणि पाठाची तयारी त्यातच धरली. त्याआधी, डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट मेरीज शाळेच्या खटल्यात सांगितले होते की, मतदारयाद्यांचे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी घ्यावे. साक्षरतेचे काम शैक्षणिकच आहे, अशी शासनाची बाजू. तिच्यात तथ्य नाही असे नाही. पण प्रौढांना शिकविणे शैक्षणिक म्हणून निरक्षरांची मोजदादही शैक्षणिक ठरवायची, तर शाळेचे छप्पर शाकारणेही शैक्षणिकच म्हणावे लागेल.

पुढे जानेवारी २०२४ मध्ये मराठा समाजाच्या मागासलेपणाचे सर्वेक्षण झाले, तेव्हाही घरोघरी फिरणाऱ्या प्रगणकांत शिक्षक होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शासनाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला. हे आंदोलनाचे फलित मानले पाहिजे, जरी वर्गवारी कागदावर झाली म्हणून शाळेतला माणूस वाढत नाही.

संघटनांनाही एक प्रश्न विचारावा लागेल. अशैक्षणिक कामातून सुटलेला तास वर्गात दिसतो काय? गावाला तो दिसला, तर पालक स्वतःहून शिक्षकाच्या बाजूने उभे राहतील. न दिसल्यास पुढच्या बहिष्काराला जनाधार मिळणे कठीण आहे. शिक्षकांच्या नेत्यांपैकी अनेक जण हे खासगीत मान्य करतात. व्यासपीठावरून मात्र क्वचितच बोलतात.

आता २०२७ ची जनगणना आहे. ती कायद्याने मान्य केलेल्या अपवादांत येते आणि राष्ट्रीय कर्तव्य म्हणून शिक्षक ती करतीलच. तथापि त्या दिवसांत द्विशिक्षकी शाळेतील चार वर्ग कोण सांभाळणार, गावातील निवृत्त शिक्षकांना, पदवीधर तरुणांना त्यासाठी बोलवायचे काय, हे शाळा व्यवस्थापन समितीने आधीच ठरवून गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. समितीत पालक बहुसंख्य असतात आणि बैठक बोलाविण्यास कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.