वास्तू आणि वाणी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त न्यू टाउन येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवात आपल्या कार्याचा आढावा घेण्याची प्रथा आहे. आम्ही मात्र आज आपले लक्ष याच महानगरातील दुसऱ्या एका समाजाकडे वेधू इच्छितो. तोही आपल्याप्रमाणेच पोटापाण्यासाठी दुरून येथे आला होता.

आलेप्पोचा शालोम कोहेन हा ज्यू व्यापारी १७९८ साली सुरतेहून कोलकात्यास आला. त्याच्यामागून बगदादची कुटुंबे आली. अफू, नीळ, रेशीम आणि पुढे घरे-इमारती यांत त्यांनी विपुल धन मिळविले. एझरा घराण्याचे नाव तर एका रस्त्यासच लाभले. १८५६ मध्ये पोलॉक स्ट्रीटवर बेथ एल हे प्रार्थनामंदिर उभे राहिले. १८८१ मध्ये मुलींची शाळा निघाली. १८८४ मध्ये एलियास एझरा यांनी वडिलांच्या स्मरणार्थ मागेन डेव्हिड हे मंदिर बांधले. त्याच्या लाल विटा आणि उंच मनोरा पाहून नवखा माणूस त्याला चर्च समजतो. न्यू मार्केटातील नाहूम यांची बेकरी आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? तीही याच समाजाची, १९०२ सालची.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील निर्वासितांची भर पडून ही वस्ती पाच हजारांच्या घरात गेली. पुढे १९४६ चे दंगे झाले, १९४७ मध्ये इंग्रज गेले, १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाले. तरुण मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, इस्राएल अशी पांगली. त्यांना येथून कोणी हाकलले नव्हते. १९७१ च्या युद्धात पूर्व विभागाचे सेनाधिकारी म्हणून नाव मिळविणारे जनरल जेकब हे याच शहरातील ज्यू घराण्यातले. पण आज मूठभर वृद्धच उरले आहेत. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. तेवढे जमणेही कठीण. २०१७ मध्ये मंदिरांची डागडुजी झाली. त्यांची राखण पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कुटुंबे करीत आली आहेत, आणि त्या शाळेत बहुसंख्येने मुसलमान मुली शिकतात. ही वास्तूंची पुण्याईच म्हटली पाहिजे.

परंतु या समाजाची घरगुती भाषा अरबी होती. ती दोन-तीन पिढ्यांत मागे पडून तिची जागा इंग्रजीने घेतली. आज कोलकात्यात ती अरबी ऐकू येत नाही.

आता आपल्या कोकणाकडे वळू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज वाचले, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत समजूत आहे. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. दिवेकर, पेणकर, केहिमकर अशी त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. नवसाच्या मलिद्यात त्यांनी पोहे-खोबरे घातले आणि पैगंबर एलियाहूचे स्मरण केले. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या वल्हांडणाच्या पोथीत हिब्रूसोबत मराठी आहे, आणि चित्रांतील बायका लुगडी नेसून बेखमीर भाकरी करीत आहेत. इस्राएलला गेल्यावर धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली. बरोबरीच्या मान्यतेसाठी त्यांना १९६४ पर्यंत झगडावे लागले. तरीही त्या वाळवंटी देशात त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले! तिकडच्या नव्या पिढीच्या तोंडी आता हिब्रू आहे, हेही खरे. तेथेही भाषा आपोआप टिकत नाही.

हे सर्व सांगण्याचे कारण स्पष्ट आहे. स्वतःची वास्तू व्हावी, असा विचार आपल्या मंडळापुढे आहे. त्यास आमचा विरोध नाही. गणेशोत्सवासाठी दरवर्षी सभागृह शोधण्याचे कष्ट आम्हीही केले आहेत. पण या न्यू टाउनमधील आमच्याच घरात आजी मराठीत विचारते आणि नातू बंगालीत उत्तर देतो. त्याची बंगाली गोड आहे, तिचे आम्हांस कौतुकच वाटते. तथापि आजीचे पत्र त्यास वाचता येत नाही, याचा दोष त्याचा नव्हे, आमचा आहे. पन्नास वर्षांत आम्ही नाटके बसविली, वर्गणी गोळा केली, परंतु मुलांसाठी आठवड्यातून एक तास काढला नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच की, वास्तुनिधीस प्रारंभ होईल त्याच दिवशी बालवर्गासही प्रारंभ व्हावा. त्यास इमारत लागत नाही. कोणाच्याही दिवाणखान्यात रविवारी दहा मुले बसू शकतात. पहिल्या वर्गासाठी आमचे घर उघडे आहे.