कॅरिबियन कबरस्तानांतील वर्गभेद
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



वेस्ट इंडीजमधील ऊसमळ्यांच्या मालकांच्या संपत्तीचा एक हिशेब लंडनच्या पेढ्यांत होता. दुसरा त्या बेटांवरील कबरस्तानांत आजही शिल्लक आहे. जमैकात मॉन्टेगो बे येथील सेंट जेम्स चर्चमध्ये रोझ हॉल मळ्याची मालकीण रोझा पामर हिचे स्मारक आहे. ती १७९० साली वारली. स्मारक घडविले ते लंडनचा नामवंत शिल्पकार जॉन बेकन याने. ज्या सागरी मार्गाने साखर आणि रम इंग्लंडला जाई, त्याच मार्गाने मळेवाल्यांचे मरणोत्तर वैभव बेटावर येई.

आणि ती साखर पिकविणारे? बार्बाडोसमधील न्यूटन मळ्यावर सुमारे १६६० ते १८२० या काळात अदमासे ५७० गुलाम पुरले गेले. त्यांच्या नावाचा एकही दगड तेथे नाही. जेरोम हँडलर व फ्रेडरिक लँग यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथे उत्खनन केले. जागा खडकाळ, उथळ मातीची, उसाला निरुपयोगी. मालकाचा हिशेब येथेही चुकला नव्हता! हाडांत शिशाचे प्रमाण फार मोठे आढळले. शिशाची उपकरणे वापरून गाळलेली रम हे त्याचे बहुधा मुख्य कारण, आणि ती रम मळ्याकडूनच गुलामांना मिळे. दातांवरील खुणा बालपणीच्या कुपोषणाची साक्ष देतात.

परंतु याच मातीत पन्नाशीच्या एका पुरुषाजवळ असामान्य वस्तू सापडल्या: चिलीम, सुरी, कडी, अंगठ्या, आणि कुत्र्याचे सुळे, माशांचे मणके, काचेचे मणी, कवड्या व अकीकाचा एक मोठा मणी गुंफलेली माळ. तो वैदू किंवा देवऋषी असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. त्याचा मान मालकाने दिलेला नव्हता. तो सोबतच्या गुलामांनी दिलेला होता. तो अकीक बहुधा आपल्या खंबायतचा. कवड्या हिंदी महासागरातल्या, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेण्याचे चलनही त्याच.

गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३च्या कायद्याने मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली; गुलामांना छदामही नाही. बार्बाडोस ३० नोव्हेंबर २०२१ रोजी प्रजासत्ताक झाले आणि काही दिवसांतच न्यूटन येथे स्मारक उभारण्याची घोषणा झाली. ऊसमळ्यांवरील गुलामांची नावे मात्र मालमत्तेच्या जुन्या याद्यांतच शोधावी लागतात. तेथे माणसांची नोंद गुराढोरांच्या शेजारी आहे.