एका व्याख्यानाची फलश्रुति

ग्रंथालयांत बसून राज्यघटनेचा काथ्याकूट करणाऱ्या पंडितांचा लोकव्यवहारास उपयोग काय, अशी शंका पुष्कळांस येते. एका व्याख्यानाची हकीकत तिचें उत्तर देते.

१९६५ च्या फेब्रुवारींत डीटर कॉनराड हे जर्मन पंडित काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत घटनादुरुस्तीच्या मर्यादांवर बोलले. कायद्याच्या आधाराशिवायहि माणसाचा जीव घेतां यावा, असा बदल संसदेनें मताधिक्यानें २१ व्या कलमांत केला, तर तो वैध मानावा काय, असें त्यांनीं विचारलें. हा केवळ तर्कविलास नव्हता. १९३३ सालीं जर्मन विधिमंडळानें दोनतृतीयांश मतांनींच हिटलरच्या मंत्रिमंडळास घटनेविरुद्धहि कायदे करण्याची मुभा दिली होती.

कॉनराडांचा युक्तिवाद १९६७ च्या गोलकनाथ खटल्यांत वकिलांनीं सर्वोच्च न्यायालयापुढें मांडला. पुढें २४ एप्रिल १९७३ रोजीं केशवानंद भारती खटल्यांत तेरापैकीं सात न्यायाधीशांनीं निर्णय दिला कीं, संसदेनें घटना अवश्य दुरुस्त करावी. तिची मूलभूत चौकट मात्र तिला मोडतां येणार नाहीं. न्यायमूर्ति खन्ना यांनीं आपल्या निकालपत्रांत कॉनराडांचा आधार घेतला.

याच खटल्यांत केरळ सरकारच्या वतीनें मुंबईचे विधिज्ञ सीरवाई यांनीं या मताचा कसून प्रतिवाद केला होता. १९७५ ची आणीबाणी पाहिल्यावर मात्र त्यांनीं आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तींत पूर्वीचें मत बदललें. अनुभव विरुद्ध जातांच आपलें मत जाहीरपणें सोडणारी विद्वत्ता लोकशाहीला हवी असते.