विकायला काढलेलं घर

दुपारची भांडी झाली असतील, कुणी खुरपायला बसल्या असाल, कुणी मशीनवर असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

आज घराबद्दल बोलायचंय, पण बांधायच्या नाही, विकायच्या. आपल्या बचत गटात कर्जाचं कारण म्हणून शेळी येते, शिलाई मशीन येतं, पोरीची फी येते, बाळंतपण येतं. गेल्या वर्षी आमच्या एका गटाच्या बैठकीत निराळंच कारण आलं. एक ताई म्हणाल्या, "मला 60 हजार पाहिजेत. घर विकायचंय. त्याआधी जरा नीटनेटकं करून घेते."

या ताईंचे मालक दोन वर्षांपूर्वी गेले. दवाखान्यापायी हातउसने आणि सोनं गहाण मिळून 3 लाखांचं देणं अंगावर. मुलगा चाकणला कंपनीत, तो म्हणतो इकडं या. घर तालुक्याच्या गावी, जुन्या पेठेत. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर पत्रा, मागं मोरी आणि संडास. एजंट येऊन बघून गेला आणि म्हणाला, "असंच विकलं तर 14 लाख. पीओपीचं छत करा, पुट्टी मारून चांगला रंग द्या, पुढच्या खोलीत फरशी बसवा, मग मी 16 लाख आणून देतो." रंगाचं आणि पीओपीचं काम करणारा माणूसही त्याच्याच ओळखीचा होता. हे आम्हाला मागाहून कळलं.

60 हजार घालून 2 लाख मिळणार असतील तर कुणाला नको आहेत? बैठकीत निम्म्या जणी द्या म्हणाल्या. पण आमच्या गटाचं व्याज दरमहा शेकडा 2. म्हणजे 60 हजारांना महिन्याला 1,200 रुपये. घर महिन्याभरात विकलं तर ठीक. सात-आठ महिने लागले तर मुद्दल तसंच राहतं आणि नुसतं व्याज 8-9 हजारांवर जातं. शेवटी ठरलं की आधी घर बघायचं. आम्ही पाच जणी गेलो. गिऱ्हाईक म्हणून जायचं, चहा घ्यायचा नाही, असं ठरवून गेलो होतो. चहा घेतलाच.

मैत्रिणींनो, घर बघणं आणि मुलगी बघणं यात फार फरक नाही. पोह्यांची डिश हातात असते आणि डोळे दारामागं फिरत असतात. पुरुषमाणसं रस्ता किती फुटी आणि जागा किती हे विचारतात. बाई मोरीत जाऊन नळ सोडून बघते, पाणी कुठं तुंबतं ते बघते, शेजारीण कशी आहे याचा अंदाज घेते. आम्हीही तेच केलं.

आत पाऊल टाकल्या टाकल्या ओलीचा वास आला. आतल्या खोलीच्या भिंतीचे पोपडे निघालेले. पत्र्याची पन्हाळ मधेच फुटलेली, पावसाचं सगळं पाणी त्या भिंतीवर. मोरीच्या दाराला कडी नाही. दोन खोल्यांत मिळून एकच बल्ब, तोही पिवळा, मिणमिणता. आणि सामान! माळ्यावर जुनी भांडी, पलंगाखाली ट्रंका, कोपऱ्यात गोधड्यांचा ढीग, मोडकी सायकल. एजंटनं सांगितलेल्या तीन कामांत यातलं एकही नव्हतं. पीओपीचं छत घातलं असतं तर वरून गळणारं पाणी त्यातच मुरलं असतं.

मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?"

ताई म्हणाल्या, "आमचंच आहे की."

मिळकत पत्रिका काढली, म्हणजे ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते. त्यावर नाव सासऱ्यांचं. सासरे जाऊन 14 वर्षं झाली होती. वारस नोंद कुणी केलीच नव्हती. घरपट्टी मुलगा भरत होता, लाइटबिल मालकांच्या नावानं येत होतं, त्यामुळं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आता सासऱ्यांच्या घरात नणंदेचाही हिस्सा. ती इचलकरंजीला. तिची सही नाही तर खरेदीखत नाही. ज्या घराची विक्रीच होऊ शकत नव्हती, ते सजवायला आम्ही 60 हजार देणार होतो.

इथं थोडं थांबून सांगते, कारण हा घोळ घरोघरी आहे. गावठाणात सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका बघा. झाला नसेल तर ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा. नाव मयत माणसाचं असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज करावा लागतो. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. आणि लग्न होऊन गेलेली लेक वारस नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कागद काढायला खर्च थोडा असतो, वेळ मात्र जातो. ताईंना सात महिने लागले. नणंद आली, सही द्यायला तयार झाली आणि म्हणाली, "मला माझा वाटा पाहिजे." ताईंना राग आला. आमच्यातल्याही काही जणी नणंदेला नावं ठेवायला लागल्या. आम्ही म्हटलं, आपण दर बैठकीत लेकीच्या हक्काचं बोलतो, मग नणंद ही कुणाची तरी लेकच ना? शेवटी अडीच लाखांवर तडजोड झाली आणि सही मिळाली.

त्या सात महिन्यांत पावसाळा गेला. एका अर्थी ते बरंच झालं. गटानं 60 च्या जागी 12 हजार दिले. पन्हाळ बदलली, पत्र्याचे वायसर बदलले, 3,200. गवंड्यानं ओला गिलावा उकरून नवा केला, मजुरी आणि माल मिळून 4,500. भिंत चांगली वाळू दिली आणि मगच साधा पांढरा डिस्टेंपर दिला, तोही आम्हीच रविवारी जाऊन दिला, म्हणून 2,600 मध्ये भागलं. बल्ब, नळ, कडी यांचे 900. एकूण 11,200. सामान काढायला पैसे लागले नाहीत, उलट भंगारवाल्यानं 1,300 दिले.

सामानावरून आमची एक चूक झाली, ती सांगायला हवी. आम्ही उत्साहाच्या भरात पुढची खोली पार रिकामी केली. वाटलं, मोठी दिसेल. झालं उलटंच. रिकाम्या खोलीत बघणाऱ्याला काही कळेना. एक गृहस्थ म्हणाले, "इथं पलंग तरी मावेल का?" अहो, 30 वर्षं तिथं पलंग होता! मग एक पलंग आणि एक टेबल परत आणून ठेवलं. खोली एकदम खोलीसारखी दिसायला लागली.

दुसरी गोष्ट फोटोची. पुढच्या भिंतीवर मालकांचा हार घातलेला फोटो होता. एजंट म्हणाला, "तो काढा, गिऱ्हाईक दचकतं." ताई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्या नाहीत असं शेजारणीनं सांगितलं. धंद्याच्या हिशोबानं एजंट चुकीचं बोलत नव्हता. माणसाला घर बघताना आपलं बिऱ्हाड तिथं मांडून बघायचं असतं, दुसऱ्याचं दुःख मधे आलं की ते जमत नाही. पण ज्या बाईचं घर चाललंय तिला हे सांगायची रीत असते. आम्ही तिलाच विचारलं. ती म्हणाली, फोटो आत देवाजवळ ठेवते, पण कुणी आलं म्हणून लपवणार नाही. तसंच केलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे घर विकण्याआधी सजवणं फुकटच का? तसंही नाही. आमच्याच दुसऱ्या एका सदस्येचा तालुक्याला एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट होता. भाडेकरू सोडून गेले तेव्हा ओट्यामागची भिंत तेलकट काळी, नळ गळका, संडासातली टाकी बंद. चार महिन्यांत अकरा जण बघून गेले, एकाचाही परत फोन नाही. मग 18 हजार खर्चून रंग दिला, नळ-टाकी दुरुस्त केली, दरवाज्याला पॉलिश केलं. पुढच्या पाच आठवड्यांत घर गेलं. भाव वाढून मिळाला का? नाही, आधी सांगितला होता तोच मिळाला. पण घासाघीस झाली नाही आणि रिकाम्या घराचा देखभाल खर्च थांबला. फ्लॅट घेणारा माणूस लगेच राहायला यायच्या तयारीनं येतो. पेठेतल्या जुन्या घराचा भाव मात्र बराचसा जागेचा असतो. घेणारा उद्या वर मजला चढवेल, नाहीतर पाडून बांधेल. तिथं पीओपी लावणं म्हणजे पैसे छताला चिकटवणं. आणि राहायला येणारेसुद्धा वास्तुशांतीच्या आधी आपल्या आवडीचा रंग देतातच.

अमेरिकेत घर विकेपर्यंत सोफे, पडदे, चित्रं भाड्यानं आणून मांडतात. ते काम करणारे खास लोक असतात. आपल्याकडं बिल्डर सॅम्पल फ्लॅट सजवतात, तो त्यातलाच प्रकार. पण बिल्डरला 100 घरं विकायची असतात, एका घराच्या सजावटीचा खर्च 100 घरांवर पडतो. आपल्याला एकच विकायचं असतं, आणि तेही बहुतेक वेळा अडचणीत असताना.

एक मात्र कधी करू नका. ओलीवर रंग मारून घर दाखवू नका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं उन्हाळ्यात तसं केलं, इसार घेतला, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात भिंतीवर नकाशे उमटले. गिऱ्हाईक इसार परत मागायला दारात. तो खर्च झालेला! कायदाही हेच सांगतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे की जो दोष घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही आणि विकणाऱ्याला माहीत आहे, तो विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. ताईंनी प्रत्येकाला सांगितलं, इथं ओल होती, पन्हाळ बदललीय, हा पावसाळा कोरडा गेलाय. त्याचा भावावर वाईट परिणाम झाला नाही.

आणि इसार चेकनं किंवा खात्यावरच घ्या. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, आयकराचा तसा नियम आहे. गिऱ्हाईक रोखीचा आग्रह धरेल, एजंटही म्हणेल "चालतं". दंड बसला तर तो घेणारीला बसतो, एजंटला नाही.

ताईंचं घर 14 लाख 20 हजारांना गेलं. 16 लाख कुणीच म्हटलं नाही. घेणारं कुटुंब जवळच्या खेड्यातलं, मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला आलेलं. त्यांनी खरेदी बाईच्या एकटीच्या नावावर केली, कारण राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. त्यांचे 14 हजारांवर वाचले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठे, फोटो झाले, तेव्हा त्या बाईनं ताईंना विचारलं, "पाणी किती वाजता येतं?" ताईंनी पाण्याची वेळ सांगितली, शेजारणीचं नाव सांगितलं, मोरीचा नळ डावीकडं फिरवा म्हणजे नीट बंद होतो हेही सांगितलं.

देणं फिटलं, नणंदेचा वाटा गेला, गटाचे पैसे व्याजासह परत आले. उरलेल्या पैशांचं मुलगा काय सांगतो आणि ताईंना काय वाटतं, ते अजून जुळलेलं नाही. ती बोलणी चालू आहेत आणि पैसे तोवर ताईंच्याच नावानं मुदत ठेवीत आहेत, त्यावर आम्ही अडून बसलो होतो.

मागच्या महिन्यात त्या गल्लीतून गेलो. घर आता पोपटी आहे, दारं निळी. आम्ही दिलेला पांढरा रंग कुठंच दिसत नाही. पन्हाळ तीच आहे.

पुढच्या बुधवारी वारस नोंदीचा अर्ज कसा लिहायचा आणि सोबत कोणते कागद जोडायचे ते सांगू. वही-पेन घेऊन बसा. नमस्कार.