पीटर आल्वारिस : जमातीच्या कुंपणाबाहेर

राजवट धर्माच्या आडोशाने कशी तग धरते, हे निजामी अमदानी सोसलेल्या नांदेड-लातूरकरांना सांगावयास नको. गोव्यात पोर्तुगीजांनी तेच केले. मुक्तिलढा म्हणजे ख्रिस्ती प्रजेवर हिंदूंचे आक्रमण, असा त्यांचा कांगावा होता. १५ ऑगस्ट १९५४ रोजी नॅशनल काँग्रेस (गोवा)चे सत्याग्रही सरहद्द ओलांडून आत शिरले. संघटनेचे अध्यक्ष होते पीटर आल्वारिस; तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा चढविणाऱ्या तुकडीचे नायक आल्फ्रेड अफोन्सो. कांगाव्याला ही दोन नावेच पुरेशी होती.

आल्वारिस प्रजासमाजवादी पक्षाचे. १९६३ साली ते पणजीतून लोकसभेवर गेले, ते महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या पाठिंब्यावर, म्हणजे प्रामुख्याने बहुजन हिंदूंच्या मतांवर. कॅथलिक समाज बहुसंख्येने विलीनीकरणाच्या विरोधात असताना त्यांनी विलीनीकरणवाद्यांशी हात मिळविला. जानेवारी १९६७ च्या जनमतकौलात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. त्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतील. परंतु स्वजमातीच्या गठ्ठा मतांवर हक्क सांगण्याचा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही, हे विरोधकांनाही नाकारता येणार नाही.

त्यांचे दुसरे क्षेत्र रेल्वे कामगारांचे. तेथे १९७३ साली ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनच्या अध्यक्षपदासाठी त्यांना हरविले ते जॉर्ज फर्नांडिस यांनी. तेही ख्रिस्ती, तेही समाजवादी. आणि मते पडली ती लढ्याच्या प्रश्नावर.