बोटीची सहल : निघण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या मंडळाच्या एकोणीस जणींनी येत्या डिसेंबरात मुंबईहून बोटीने लक्षद्वीपला जावयाचे ठरविले आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. मागल्या वर्षी मी सासूबाई व जाऊबाई यांच्याबरोबर अशीच जाऊन आले, शिवाय माझे धाकटे बंधू बारा वर्षे बोटीवर खानपानाच्या खात्यात नोकरीस आहेत, तेव्हा 'तूच काय ते सांग' असा आग्रह झाला. मला भाषण येत नाही. पण निघण्याच्या आधी काय करावे व काय टाळावे, एवढे सांगता येईल.

पहिली गोष्ट भीतीची. आपल्यापैकी दोघी-तिघींच्या घरून अजून होकार आलेला नाही, आणि त्याचे कारण मला माहीत आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली व सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या सासूबाईंचे चुलत सासरे त्यांतच गेले. ज्या घरात असे झाले त्या घरातील माणसांना हसू नये. पण त्यांना दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. एक, ती बोट भर पावसाळ्यात निघाली होती. जून ते सप्टेंबर आपला समुद्र खवळलेला असतो, म्हणून तर नारळी पौर्णिमेला कोळी बांधव नारळ वाहतात. आपण जाणार डिसेंबरात, तेव्हा समुद्र बराच शांत असतो. दुसरी गोष्ट, आता मोठ्या प्रवासी बोटीवर चढणाऱ्या सर्वांना पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या व तराफे ठेवावेच लागतात. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा होड्या निम्म्या माणसांपुरत्याच होत्या. त्यानंतर १९१४ साली देशोदेशींच्या सरकारांनी मिळून पहिला करार केला, आणि तो वेळोवेळी सुधारत आजवर चालत आला आहे.

तरी सुद्धा होडी आहे म्हणजे झाले असे नाही, ती कोठे आहे व तेथे कसे जावयाचे हे ठाऊक पाहिजे. बोट सुटण्याच्या सुमारास सर्वांना बोलावून सराव घेतात. सात वेळा आखूड आणि एक वेळ लांब असा भोंगा वाजतो. तो वाजला की लिफ्टने न जाता जिन्याने आपल्या ठरलेल्या जागी जमावयाचे. ती जागा खोलीच्या दारामागे व आपल्या कार्डावर लिहिलेली असते. या सरावाला 'मी जरा पडते, तुम्ही जाऊन या' असे कोणी म्हणू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' ही प्रचंड बोट खडकावर आपटून कलंडली व बत्तीस माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सराव घ्यावा असा नियम झाला. आणि लांब कशाला जावे? १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या आपल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून पंधरा जीव गेले, तेव्हापासून तेथे जॅकेट घालण्याची सक्ती झाली.

आता जॅकेट व साडी यांविषयी बोलते, कारण हे छापील कागदात कोठे नसते. जॅकेटचे पट्टे कमरेशी घट्ट आवळावयाचे असतात. पदर मोकळा राहिला तर तो पट्ट्यात अडकतो, आणि निऱ्या पायांत येतात त्या वेगळ्याच. माझे मत विचाराल तर सरावाच्या दिवशी व बेटावर उतरण्याच्या दिवशी पंजाबी ड्रेस घालावा, ओढणी खोलीत ठेवावी. ज्यांनी जन्मात साडीवाचून काही नेसले नाही त्यांनी पदर कमरेला पक्का खोचावा व साडी घोट्याच्या वर घ्यावी. बाकीच्या दिवशी काय हव्या त्या साड्या नेसा, संध्याकाळी जेवणाच्या वेळी तर नेसाव्यातच! न्हाणीघराच्या दाराला उंच उंबरठा असतो, त्याला ठेच फार लागते. चपला सपाट व न घसरणाऱ्या हव्यात.

बोट लागणे ही दुसरी मोठी काळजी. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. तो सांगतो 'आपण हलतो आहोत', आणि खोलीत बसले की डोळे सांगतात 'सगळे स्थिर आहे'. या दोघांचे जमत नाही म्हणून पोटात ढवळते. त्यावर उपाय असा की उघड्या डेकवर यावे व दूर आकाश-पाण्याच्या रेघेकडे बघत राहावे. डोके खाली घालून विणकाम किंवा वाचन करू नये, मोबाईल तर मुळीच बघू नये. रिकाम्या पोटी राहू नये तसे तुडुंब जेवूही नये, कोरडे बिस्कीट किंवा थोडा भात बरा. आलेपाकाने किंवा सुंठेने पुष्कळ जणींना आराम पडतो. गोळी घ्यावयाची असेल तर ती मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, तास-दोन तास आधी घ्यावी. तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा दुसरे दुखणे असेल तर ती चालेलच असे नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून शेजारणीची गोळी तोंडात टाकू नये. खोली निवडताना बोटीच्या मध्यभागातील व खालच्या मजल्यावरची घ्यावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी, आणि पैसेही कमी. उंचावरची गॅलरीची खोली दिसावयास छान, पण ज्यांना एस्टीत देखील मळमळते त्यांनी तिच्या नादी लागू नये.

सामानाविषयी एकच नियम पक्का लक्षात ठेवावा. धक्क्यावर मोठ्या बॅगा आपल्या हातून घेतात व त्या खोलीपाशी यावयास कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून औषधे, चष्मा, ओळखपत्र व एक लुगडे हातातल्या पिशवीत असावे. औषधे सहलीच्या दिवसांहून चार दिवस जास्तीची घ्यावीत, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी, आणि इन्सुलिन घेणाऱ्या बहिणींनी खोलीत थंड ठेवण्याची सोय आहे का ते आधीच विचारावे. बोटीवर डॉक्टर असतो, पण ते इस्पितळ नव्हे. ज्यांना डायलिसिस लागते किंवा नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला आहे त्यांनी डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय निघू नये. गरोदर सुनेला बरोबर नेण्याचे कोणी मनात आणले असेल तर बोटकंपनीला आधी विचारावे. चोवीस आठवडे झाल्यावर बहुतेक कंपन्या चढूच देत नाहीत.

इस्त्री, पाण्याची केटली, मेणबत्ती, काडेपेटी, उदबत्ती नेऊ नये. खोलीत निरांजन लावता येणार नाही, हे देवपूजा करणाऱ्या मावशींना आताच सांगते, नाही तर तपासणीत पिशवी उघडताना वाईट वाटते. समुद्रावर आगीइतके भय पाण्याचेही नाही असे माझे बंधू म्हणतात. घरचे लाडू-चिवडाही बहुधा अडवतात. आपल्याकडून सुटणाऱ्या बोटींवर शाकाहारी व जैन जेवण असते, उपवासाचे मात्र आधी सांगून ठेवावे. जेवणापूर्वी हात साबणाने चांगले धुवावेत. बोटीवर जुलाब-उलट्यांची जी साथ पसरते तिच्यावर बाटलीतल्या जंतुनाशकाचा फारसा उपाय चालत नाही, साबण व पाणीच खरे. संडासात कागदाखेरीज काही टाकू नये, तो हवेने ओढणारा असतो व एका पॅडने शेजारच्या खोल्याही तुंबतात. हे बोलावयास संकोच वाटतो, पण न बोलून पंचाईत होते.

आता पैशाविषयी. ही भिशीची पुंजी आहे, कोणाच्या खिशातली उसनी नाही. आमच्या ओळखीच्या एका बाईंना एका एजंटाने 'सगळे धरून' असे सांगितले, आणि शेवटच्या आठवड्यात बंदराचा कर व जी.एस.टी. वेगळा मागितला. म्हणून भाडे, कर, नोकरांची बक्षिसी, बेटावरची सहल यांतले काय धरले आहे व काय नाही हे कागदावर लिहून घ्यावे. सहल रद्द केली तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळतील हेही लिहून घ्यावे, कारण दिवस जवळ आला की फारसे काही मिळत नाही. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत, कार्ड दाखवले की खर्च नावावर चढतो. नोट मोडताना हात अडखळतो तसा कार्डाला अडखळत नाही. रोज रात्री हिशेब विचारून वहीत टिपावा. पत्त्यांच्या जुगाराची खोली असते तिकडे बघावयासही जाऊ नये, असे मी सांगते व हे मंडळाच्या वतीने सांगते. किनारा दिसेनासा झाला की मोबाईल विमानातल्यासारखा बंद करून ठेवावा, बोटीवरचे जाळे उपग्रहाचे असते व त्याचे बिल मागाहून येते. घरच्यांना बजावून निघावे की दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका.

लक्षद्वीपला उतरण्यास परवाना लागतो. १९६७ सालापासूनचे नियम आहेत. आपला काढला गेला का, हे कंपनीकडून निघण्यापूर्वी पक्के करून घ्यावे. तेथील वस्ती बहुतेक मुसलमान बांधवांची, भाषा मल्याळम, तेव्हा गावात अंगभर कपडे घालावेत. पाण्यातील पोवळ्याचे तुकडे, मेलेले व किनाऱ्यावर पडलेले सुद्धा, पिशवीत घालू नयेत. कायद्याने तो गुन्हा आहे. तुळशीपाशी ठेवावयास छान दिसेल असे मलाही वाटले होते, पण माझ्यासमोर एका प्रवाशाची पिशवी रिकामी केली.

मोठी बोट बेटाला लागत नाही. दूर थांबते आणि लहान होडीतून नेतात. आपल्या आज्यांना कोकणच्या बोटीवरून पडावात उतरताना जे होत असे तेच. होडी खालीवर होते, खलाशी दोन्ही दंड धरतात व 'आता' म्हणाले की पाऊल टाकावयाचे, त्यांच्या आधी नाही आणि नंतरही नाही. ज्यांना आधाराशिवाय दोन पायऱ्या उतरता येत नाहीत त्यांनी उतरू नये. हे कठीण वाटेल, एवढे पैसे भरून बेटच पाहिले नाही असे कोणी म्हणेल. पण आमच्या सासूबाईंनी स्वतःच 'माझे गुडघे मला ठाऊक' असे सांगून डेकवर खुर्ची घेतली. आम्ही परत आलो तेव्हा त्यांच्याभोवती चार जणी जमल्या होत्या आणि आमच्यापेक्षा जास्त उडणारे मासे त्यांनीच पाहिले होते! आपल्या एकोणीस जणींत अशा तिघी आहेत. त्यांच्यापाशी एकीने पाळीपाळीने थांबावे, आणि ती पाळी बोटीवर चढण्यापूर्वी येथेच ठरवावी. पहिली पाळी मी घेते.

बेटावरून परतण्याची वेळ सांगतात त्याआधी अर्धा तास किनाऱ्यावर यावे, बोट कोणासाठी खोळंबत नाही.

पुढल्या गुरुवारी चार वाजता सर्वांनी मंडळात यावे. ओळखपत्राची नक्कल, दोन छायाचित्रे, रक्तगट, चालू औषधांची नावे व घरच्या एका माणसाचा फोन एका कागदावर लिहून आणावा. ज्यांना लिहिण्यास अडचण असेल त्यांना मी लिहून देईन. ज्यांच्या घरून अजून होकार नाही त्यांनी घरच्या मंडळींनाही बरोबर आणावे. माझे बंधू त्या दिवशी सुटीवर आहेत, ते येऊन जॅकेट कसे बांधावयाचे ते दाखवणार आहेत.