वेदनाशामक गोळी आणि कोळशाची कांडी



नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या माळेगांव बुद्रुकच्या उसाची तोडणी सुरू झाली, म्हणजे पहाटेपासून फडांत कोयते चालूं लागतात. दिवसभर वांकून मोळ्या उचलणाऱ्या देहाला सायंकाळीं पॅरासिटेमॉलच्या गोळीचा आधार वाटावा, यांत नवल नाहीं. अंगदुखीची गोळी एक, तापाची दुसरी, पडशाची तिसरी; वेष्टनांवरील नांवें निराळीं, आणि पुष्कळदां आंतील औषध मात्र एकच! प्रौढ माणसास दिवसाकांठीं ४ ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांत ती संपते.

मर्यादा ओलांडल्यावर जें होतें तें फसवें असतें. पहिल्या दिवशीं मळमळीपलीकडे फारसें कांहीं दिसत नाहीं, आणि आंत यकृताची हानि चालूं असते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या ८ तासांत मिळाला, तर यकृत बहुधा वांचतें. म्हणून रक्तांत औषध किती आहे, हा आंकडा डॉक्टरांस त्वरेनें हवा असतो. मात्रा एकदमच घेतली असल्यास, ४ तासांनंतर दर मिलिलिटरास १५० मायक्रोग्रॅम ही धोक्याची रेषा अनेक ठिकाणीं मानतात. दिवसभरांत थोड्याथोड्या घेतलेल्या गोळ्यांस ही रेषा लागू पडत नाहीं. तेथें आंकड्यासोबत यकृताचीही तपासणी करावी लागते. मोजणीचें यंत्र जवळ नसलेल्या दवाखान्यास नमुना शहराकडे धाडावा लागतो, आणि तास तर मोजकेच!

येथें विद्युदग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, उपयोगीं पडूं शकतो. कोळशाची एक कांडी द्रावणांत बुडवून तिच्यावरील विद्युद्दाब हळूहळू वाढवीत न्यावा. ठराविक दाबाला पॅरासिटेमॉलचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो. त्यामुळें वाहणारा प्रवाह औषधाच्या प्रमाणांत वाढतो. गंमत अशी कीं, या कांडीवर औषधाचा जो पदार्थ बनतो, तोच यकृतांतही बनतो, आणि मात्रा अति झाली असतां यकृतास जाळणारा तोच! साधी शिसपेन्सिलही कांडीचें काम करते. नांवांत शिसें असलें तरी तिच्यांत असतो ग्राफाइट. १९५८ मध्यें अमेरिकेंतील राल्फ ॲडम्स यांनीं ग्राफाइटची पूड तैलद्रवांत कणकेप्रमाणें मळून विद्युदग्र केला, तेव्हांपासून हें काम पुष्कळ सोपें झालें.

अडचण आहे ती शेजाऱ्यांची. रक्तांतील यूरिक आम्ल आणि क जीवनसत्त्व हींही जवळपासच्याच दाबाला इलेक्ट्रॉन सोडतात, आणि नुसत्या कोळशाला हे तिघे वेगळे ओळखतां येत नाहींत. म्हणून त्याच्या पृष्ठावर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, ग्राफीन किंवा ऋणभारित कणांना दूर ठेवणाऱ्या बहुवारिकाचा पातळ थर चढवितात. असे लेप शेंकड्यांनीं निघाले आहेत. मला मात्र त्यांची खरी कसोटी गोळीच्या पाण्यांत वाटत नाहीं. रक्तांतील प्रथिनें पृष्ठावर चिकटून तें बुजवितात, आणि शुद्ध द्रावणांत उत्तम ठरलेला लेप तेथें दुबळा पडतो.

उसाचें चिपाड हवेविना भाजून मिळणारा सच्छिद्र कोळसाही विद्युदग्रांच्या प्रयोगांत वापरला गेला आहे. साखर कारखान्यांत मात्र चिपाड बहुतांशीं बॉयलरच्या भट्टींतच जातें.